डब्यात दरवळतो, कपात कडू लागतो: फ्लेवर्ड चहा घरी करायचा आणि चाखायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीत भेट आलेल्या पेटीत सहा चहा आहेत. अर्ल ग्रे, जस्मिन, गुलाब, आंबा, हिबिस्कस आणि कहवा. डबा उघडला की खोली दरवळते, पण कपात उतरतं ते कडवट पाणी. एका चहात दूध घातलं तर ते फाटलं. महागडी भांडी न घेता, मुंबईतल्या नेहमीच्या ओट्यावर हे चहा नीट कसे करायचे आणि त्यातला चांगला कोणता ते कसं ओळखायचं?

फ्लेवर्ड चहाच्या डब्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: पत्ती, आणि तिच्यावर चढवलेला वास. वास म्हणजे पटकन उडून जाणारी तेलं किंवा अर्क. बहुतेक कारखान्यांत पत्ती फिरत्या पिंपात घालून वरून ते फवारतात. ते पत्तीच्या अंगावरच बसलेले असल्यामुळे गरम पाणी पडताच पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत उतरतात, आणि कप उघडा असेल तर तितक्याच वेगाने हवेत जातात. पत्तीतले तुरट घटक, म्हणजे पॉलिफिनॉल, सावकाश सुटत राहतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटानंतर कपात जी भर पडते ती मुख्यतः त्यांचीच. त्यामुळे ‘अजून थोडा वास उतरू दे’ म्हणून पत्ती दहा मिनिटं पाण्यात ठेवली, किंवा सवयीने पातेल्यात खळखळ उकळली, की वास उडतो आणि तुरटपणा मागे राहतो. तुमच्या कपात नेमकं हेच होतंय.

कडवटपणा कमी करायला लोक पत्ती कमी घालतात आणि जास्त वेळ ठेवतात. करायचं याच्या उलट: पत्ती पुरेशी घाला, वेळ कमी ठेवा, आणि वर झाकण असू द्या.

माप आणि पाणी

चमच्याचं माप इथे फसवं आहे. आपल्या रोजच्या चहा पावडरीचा, म्हणजे दाणेदार सीटीसीचा, सपाट चमचा अडीच-तीन ग्रॅम भरतो. लांब, वळलेल्या ऑर्थोडॉक्स पत्तीचा तोच चमचा जेमतेम दीड ग्रॅम. जस्मिनच्या गोळ्या वळलेल्या असतील तर तोच चमचा तीन-चार ग्रॅमवर जातो. सहा डब्यांना एकच चमचा वापरला की एक चहा पाणचट आणि दुसरा जहाल होणार, आणि दोष मात्र फ्लेवरवर जाणार. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. या सगळ्या खटाटोपात एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती हीच. रोज पिण्यासाठी २०० मिली पाण्याला ३ ग्रॅम पत्ती धरा आणि मग आवडीप्रमाणे अर्ध्या ग्रॅमने वर-खाली करा.

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहेत. भातसा, वैतरणा, तानसा इथून येणारं महापालिकेचं पाणी म्हणजे धरणात साठलेलं पावसाचं पाणी. क्षार कमी, चहाला उत्तम. त्यात क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी उघड्या भांड्यात दोन-तीन मिनिटं उकळू द्या, नाहीतर भरून तासभर उघडं ठेवा. ‘पाणी दुसऱ्यांदा उकळलं की त्यातला प्राणवायू जातो आणि चहा बेचव होतो’ असं चहाच्या पाकिटांवरही छापलेलं असतं. त्याची चिंता करू नका. तो प्राणवायू पहिल्याच उकळीत जवळजवळ सगळा गेलेला असतो.

खरा घोटाळा दोन ठिकाणी होतो. ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळतं तिथे पाणी जड असतं. चहा काळपट दिसतो, वर तेलकट दिसणारी पातळ साय धरते आणि सुवास दबतो. ती साय तेलाची नसते. पाण्यातला चुना आणि चहातले पॉलिफिनॉल मिळून ती बनते. लिंबाचा एक थेंब टाकला की विरघळते. दुसरा घोटाळा आरओ मशीनचा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, १०-२० वर आणून ठेवलेलं पाणी चहाला अगदी कोरडं पडतं: रंग लखलखीत, वास टोकदार आणि मध्ये काहीच नाही. मशीनला टीडीएस कमी-जास्त करायची सोय असेल तर ती ५० ते १५० च्या दरम्यान ठेवा. महापालिकेचंच पाणी येत असेल तर चहापुरतं आरओ बाजूला ठेवून साध्या कार्बन किंवा यूव्ही फिल्टरचं पाणी घ्या.

तापमानासाठी थर्मामीटर लागत नाही. मुंबई समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे इथे उकळतं पाणी म्हणजे १०० अंश. (महाबळेश्वरला तेच ९५-९६ अंशांवर उकळतं, म्हणून तिथे काळा चहा अर्धा मिनिट जास्त ठेवायचा.) तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी माठातलं किंवा फिल्टरचं साधं पाणी घातलं की साधारण ८० अंश होतात, ग्रीन टी आणि जस्मिनला हे पाणी. सहा वाट्यांना एक वाटी घातली की ९० च्या आसपास. फर्स्ट फ्लश (वसंतातल्या पहिल्या खुडणीचा) दार्जिलिंग किंवा ऊलाँग, म्हणजे ग्रीन आणि काळा यांच्या मधला चहा, यांवर आधारलेल्या चहांना हे. इतर काळ्या चहांना उकळी बंद केल्या केल्या पाणी ओता. ‘उकळल्यावर पाच मिनिटं थांबा’ हा सल्ला मात्र निरुपयोगी आहे. झाकलेल्या स्टीलच्या पातेल्यातलं लिटरभर पाणी आणि पसरट कपातलं २०० मिली पाणी पाच मिनिटांत एकसारखं निवत नाही.

भांडं कोणतंही चालेल, पण पत्तीला पसरायला जागा हवी. साखळीवाली छोटी जाळीची गोळी टाळा. पत्ती भिजून तिप्पट-चौपट फुगते आणि गोळीत कोंबून बसते, आतल्या पत्तीपर्यंत पाणी पोहोचतच नाही. चिनी मातीचा मोठा मग, वर ताटली, वेळ झाली की गाळणीतून दुसऱ्या कपात. एवढ्यावर भागतं. प्लास्टिक आणि सिलिकॉनच्या गाळण्या वास धरून ठेवतात. एकदा अर्ल ग्रे केला की पुढचे चार दिवस ग्रीन टीलाही तोच वास. कपाच्या तळाशी तपकिरी थर बसला असेल तर एक चमचा खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून पंधरा मिनिटं ठेवा. घासायची गरज पडत नाही.

चाखायचं कसं

चहा पिणं आणि चहा चाखणं यांत फरक आहे. चाखताना चहा मुद्दाम थोडा कडक करतात, म्हणजे त्याचे दोष वर येतात. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३१०३, जे १९८० मध्ये आलं, त्यात १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं, झाकण लावून, असं माप आहे. तो चहा प्यायला छान लागावा अशी अपेक्षाच नाही. सगळे नमुने एकाच मापाने तुलनेला यावेत एवढाच हेतू. घरी फ्लेवर्ड चहासाठी याला थोडी मुरड घाला: प्रत्येक चहाचे दोन कप करा, दोन्हीत १०० मिलीला २ ग्रॅम, एक कप दोन मिनिटांनी गाळायचा आणि दुसरा पाच मिनिटांनी. पहिल्यात वास कळतो, दुसऱ्यात पत्ती.

वेळ कोणती निवडता हेही महत्त्वाचं. मुंबईच्या घरात स्वयंपाकघर आणि हॉल यांत फारसं अंतर नसतं. कुकर, लसणाची फोडणी, बोंबलाचं तळण, संध्याकाळची उदबत्ती यांच्या शेजारी नाजूक वास कळणार नाही. सकाळी अकराच्या आसपास किंवा दुपारी चारला, खिडकी उघडून बसा. दात घासल्यावर, पान-सुपारी खाल्ल्यावर किंवा अत्तर लावून चाखायला बसू नका. एका बैठकीत चार चहा पुरेत. पाचव्यापर्यंत जीभ तुरटपणाने जड होते. क्रम सौम्यापासून: जस्मिन, गुलाब, अर्ल ग्रे, मग फळांचे आणि मसाल्याचे. पुदिन्याचा चहा आणि धुराचा वास असलेला चिनी लापसांग सूचाँग नेहमी शेवटी, कारण त्यांच्यानंतर काहीच धड लागत नाही. मध्ये कोमट पाणी आणि लादी पावाचा तुकडा किंवा बिनमिठाचे चुरमुरे.

आधी कोरडी पत्ती पांढऱ्या कागदावर पसरा. दहा ग्रॅम घ्या, पाकळ्या, सालीचे तुकडे, पत्ती आणि भुगा वेगळा करा आणि प्रत्येकाचं वजन करा. डब्याचा खरा हिशोब इथेच लागतो. निळ्या पाकळ्या (कॉर्नफ्लॉवर), झेंडूच्या पिवळ्या पाकळ्या आणि करडईच्या केशरी पाकळ्या बहुतेक वेळा शोभेच्या असतात. त्यांतून कपात जवळजवळ काही उतरत नाही. दहा ग्रॅममधले चार ग्रॅम शोभेचे निघाले तर पत्तीचा भाव तुम्ही किती दिलात ते समजेल. भुगा जास्त असेल तर चहा पटकन कडू होणार. अशा चहाला दीड मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका.

मग कप गरम पाण्याने विसळून कोरडा करा, त्यात पत्ती टाका, अर्धा मिनिट झाकून ठेवा आणि झाकण किलकिलं करून वास घ्या. गाळल्यावर ओल्या पत्तीचा वास पुन्हा घ्या. डब्यातला वास कारखान्याने चढवलेला आहे. ओल्या पत्तीचा वास पत्तीचा स्वतःचा. तिथे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट किंवा जळका वास आला तर वरून कितीही गुलाब ओतला तरी मूळ चहा हलका किंवा जुना आहे.

चहा घोट घेता येईल इतका निवला की मोठ्या चमच्याने, सुर्र आवाज करत, हवेसकट ओढा. घरातल्यांना कितीही वाईट दिसलं तरी हा आवाज कामाचा आहे: चहाचे बारीक थेंब आणि हवा मिळून वास घशामागून नाकात चढतो. आता नाक चिमटीत धरून दुसरा घोट घ्या. नाक बंद असताना जिभेला फक्त गोड, आंबट, कडू आणि गालांना तुरट एवढंच कळतं. गुलाब, आंबा, बर्गमॉट (अर्ल ग्रेमधला लिंबूवर्गीय वास) सगळे गायब. उरतं ते त्या पत्तीचं अंग. मग नाक सोडा; जो वास एकदम आत येतो तो चढवलेला. नाक बंद असताना नुसतं कोमट, कडवट पाणी लागत असेल तर तो चहा वासावर विकलेला आहे. उलट नाक बंद असतानाही थोडा गोडवा, थोडा भरीवपणा आणि गिळल्यावर गालांत सुखद आवळ राहिली, तर पत्ती चांगली आहे, मग वास तुम्हाला आवडो न आवडो.

शेवटच्या दोन चाचण्या फुकट आहेत. एक: कप झाकून पूर्ण गार होऊ द्या आणि मग चाखा. गरम असताना वाफ बरंच झाकते. गार झाल्यावर जास्त झालेला फ्लेवर साबणासारखा किंवा औषधी गोळीसारखा लागतो. दोन: त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी ओता. वरून फवारलेल्या चहाचा दुसरा कप वासाने जवळजवळ रिकामा असतो. खऱ्या फुलांत मुरवलेला जस्मिन दुसऱ्याच नव्हे, तिसऱ्या कपातही वास देतो, कारण तो पत्तीच्या आतपर्यंत गेलेला असतो.

आता एकेक डबा

अर्ल ग्रे म्हणजे काळा चहा आणि बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल. हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिणेला कलाब्रियात पिकतं. २०० मिलीला ३ ग्रॅम, उकळतं पाणी, झाकून बरोबर ३ मिनिटं. दूध हवंच असेल तर पत्ती काढल्यावर १५-२० मिली, म्हणजे मोठा चमचा-दीड चमचा, कोमट दूध वरून. पातेल्यात दुधाबरोबर उकळलात तर बर्गमॉट स्वयंपाकघरभर होईल, कपात नाही. शिवाय दुधातली प्रथिनं तुरटपणा बांधून घेतात आणि स्निग्धांश वास धरून ठेवतो, त्यामुळे जास्त दुधात अर्ल ग्रे आणि साधा चहा यांत फारसा फरक उरत नाही. दूध आणि लिंबू एकत्र नको, हे सांगायला नकोच.

जस्मिनला दूध नाही, साखरही शक्यतो नाही. ३ ग्रॅम, ८० अंश, पहिला कप दोन मिनिटं, दुसरा अडीच, तिसरा चार. पहिलाच कप कडू आला तर पाणी जास्त गरम होतं. नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं. पत्ती बदलायच्या आधी पाणी बदलून पाहा.

गुलाबाच्या डब्यात दिसणाऱ्या सुक्या पाकळ्या रंगाला आणि थोड्या तुरटपणाला. वास बहुतेक वेळा वेगळा घातलेला असतो. अडीच मिनिटं पुरेत. पेटीतला हा एकच चहा दुधात बरा लागतो, वेलदोड्याचा एक दाणा सोबत असेल तर जास्तच.

आंब्याचा चहा गरम प्यायचा हट्ट सोडा. फळांचे फ्लेवर गरम वाफेत गोळ्या-चॉकलेटसारखे वाटतात आणि त्यामागचा कडवटपणा विचित्र लागतो, कारण नाकाला गोड वास येतो आणि जिभेला गोड काहीच मिळत नाही. हा थंड पाण्यात मुरवा: लिटरभर पिण्याच्या पाण्यात ८ ते १० ग्रॅम, काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ६ ते ८ तास, मग गाळून दोन दिवसांत संपवा. थंड पाण्यात तुरट घटक फार कमी सुटतात आणि वास टिकतो. बाटली बाहेर ओट्यावर ठेवून मुरवायची नाही. मुंबईच्या उकाड्यात त्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही.

दूध फाटलं ते हिबिस्कसमध्येच असणार. त्यातलं गडद लाल ‘फूल’ दारातली जास्वंद नसून तिच्या कुळातल्या लाल अंबाडीची बोंडं असतात, आणि ती चांगलीच आंबट. गरम दूध आणि आम्ल भेटलं की दूध फाटणारच, यात तुमची चूक काही नाही. डब्यात चहाची पत्ती नसेलच तर कडू होण्याची भीती नाही: उकळतं पाणी, ३ ग्रॅम, ६ ते ८ मिनिटं, वर मध किंवा गूळ. मात्र ‘हर्बल’ लिहिलेल्या अशा मिश्रणांचा घटकांचा तक्ता वाचा. गोडीसाठी ज्येष्ठमध घातलेलं असेल आणि घरात कुणाला रक्तदाब असेल तर ते रोजचं पेय करू नये. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनने रक्तदाब वाढतो. आणि संध्याकाळी झोप उडते म्हणून ‘ग्रीन’ घेत असाल तर लक्षात ठेवा, जस्मिन किंवा कहव्यात कॅफिन असतंच.

कहव्यात दोन कामं वेगवेगळी करायची. केशराच्या ६-८ काड्या, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि ठेचलेले दोन वेलदोडे ३०० मिली पाण्यात झाकून पाच मिनिटं मंद उकळा. गॅस बंद, १०० मिली साधं पाणी घालून ८० अंशांवर आणा, मग ४ ग्रॅम ग्रीन टी दोन मिनिटं. बदाम कपात. तयार कहव्याच्या डब्यात मसाला आणि पत्ती एकत्रच असते, तिथे तडजोड करावी लागते: ९० अंश, तीन मिनिटं.

पेटीत नसला तरी आपला मसाला चहा हा फ्लेवर्ड चहाच आहे, आणि तिथेही क्रमाचाच खेळ आहे. दोन कपांसाठी २०० मिली पाणी, १५० मिली दूध, ५-६ ग्रॅम चहा पावडर, ७-८ ग्रॅम ठेचलेलं आलं, गवती चहाच्या दोन पाती. आलं आणि गवती चहा पाण्यात आधी, झाकून ३-४ मिनिटं उकळायचे. ताज्या आल्यात दुधाची प्रथिनं तोडणारं झिंजिबेन नावाचं विकर असतं. ते ६० अंशांच्या आसपास सर्वांत जोरात काम करतं आणि उकळीत निकामी होतं. कोमट दुधात कच्चं आलं किसून घातलं की चहा फाटतो तो यामुळेच. पाण्यात आलं उकळलं की मग पावडर दोन मिनिटं, मग दूध, दोन उकळ्या. वेलदोडा आधी घालू नका, त्याचा वास पहिल्या उकळीतच उडतो. गॅस बंद करून ठेचलेला वेलदोडा टाका आणि मिनिटभर झाकून ठेवा. पुदिनाही असाच शेवटी, नाहीतर पालेभाजीचा वास येतो. पुदिना आणि गवती चहा एकत्र हा मुंबईच्या पारशी घरांतला जुना जोड, आणि पावसाळ्यात त्याला तोड नाही. भाजीवाल्याकडे दोन्ही एकाच टोपलीत मिळतात. गवती चहाची पात कापून न टाकता गाठ मारून टाका. धारदार तुकडे गाळणीतून सुटत नाहीत आणि वासही तेवढाच उतरतो.

खऱ्या फुलांचा वास घरी चढवायचा असेल तर

जस्मिन चहातलं फूल म्हणजे आपला मोगरा. चीनच्या फूच्यान प्रांतात वसंतात केलेला ग्रीन टी राखून ठेवतात आणि उन्हाळ्यात मोगरा आला की दुपारी खुडलेल्या कळ्या संध्याकाळी त्यात मिसळतात. कळ्या रात्री उमलतात, पत्ती वास पिते, सकाळी फुलं काढून पत्ती वाळवतात आणि चांगल्या मालासाठी हे अनेक रात्री पुन्हा करतात. मुंबईत मार्च ते जून या काळात हे घरी करता येतं.

फुलं मात्र दादरच्या फुलबाजारातली किंवा गजऱ्याची नकोत. ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांवर औषध मारलेलं असू शकतं आणि ताजी दिसावीत म्हणून पाणी शिंपडलेलं असतं. स्वतःच्या बाल्कनीतला, औषध न मारलेला मोगरा हवा. कळी पांढरी, टपोरी, त्याच रात्री उमलेल अशी घ्या. हिरवट, घट्ट कळी उमलत नाही. उमललेल्या फुलाचा वास अर्धा गेलेला असतो.

पत्ती बिनवासाची, अख्खी, सौम्य ग्रीन टी घ्या: हिमाचलमधल्या कांगड्याची किंवा दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतली चालेल, टी बॅग फोडलेला भुगा नाही. ३० ग्रॅम पत्तीला ३० ग्रॅम कळ्या. पसरट स्टीलच्या डब्यात पत्ती, वर मलमलचं कापड, त्यावर कळ्या, पुन्हा कापड, पुन्हा पत्ती. कापडामुळे वास किंचित कमी लागतो, पण सकाळी वेचत बसावं लागत नाही. झाकण सैल ठेवा. फुलं श्वास घेतात, आत ऊब आणि ओल धरते. चार तासांनी पत्ती एकदा हलवा. सात-आठ तासांनी, फुलं तांबूस व्हायच्या आत, काढून टाका. उशीर झाला की शिळ्या गजऱ्याचा जड वास पत्तीत बसतो आणि तो निघत नाही.

बिघडतं ते पुढच्या टप्प्यात. पत्तीने वासाबरोबर फुलांतलं पाणीही ओढलेलं असतं आणि मुंबईच्या हवेत ती आपोआप वाळणार नाही. ओव्हन ६०-६५ अंशांवर, दार किंचित उघडं, पातळ पसरून २० ते ३० मिनिटं. ओव्हन नसेल तर गरम पाण्याच्या पातेल्यावर स्टीलचं ताट ठेवून त्यावर, पंख्याखाली. उन्हात नको, वास आणि रंग दोन्ही जातात. देठ मोडल्यावर कट्कन तुटला पाहिजे; वाकला तर अजून ओल आहे, आणि तशीच डब्यात भरली तर बुरशी येईल. दुसऱ्या संध्याकाळी १५ ग्रॅम ताज्या कळ्यांनी पुन्हा एकदा. मग दोन दिवस बंद ठेवून चाखा. कुबट किंवा मातीचा वास आला तर ती पत्ती टाकून द्या, पुन्हा वाळवून वाचवायचा प्रयत्न नको.

बर्गमॉट किंवा गुलाबाचं तेल बाजारातून आणून स्वतः फवारायचा मोह होतो. अत्तराच्या किंवा अरोमाथेरपीच्या बाटल्या खाण्यासाठी नसतात. लेबलवर खाद्यपदार्थात वापरण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर हात लावू नका.

ठेवायचा कुठे

चहा हवेतली ओल आणि शेजारचा वास दोन्ही ओढतो. जुलैत मुंबईची हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, शक्य तितका भरलेला, गॅसच्या वरच्या फळीवर नाही, मसाल्याच्या डब्याशेजारी तर नाहीच. फ्रिजमध्येही नाही: डबा बाहेर काढला की गार पत्तीवर दव धरतं. प्रत्येक फ्लेवरला वेगळा डबा, आणि अर्ल ग्रेचा रिकामा डबा पुन्हा अर्ल ग्रेसाठीच. पावसाळ्याच्या तोंडावर ५० ग्रॅमपेक्षा मोठं पाकीट उघडू नका. लिंबूवर्गीय फ्लेवर सर्वांत आधी बिघडतात. जुन्या अर्ल ग्रेला टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागला तर त्याचे दिवस भरले. साधी चहा पावडर सादळली तर मंद तव्यावर तीन-चार मिनिटं परतून बरी होते, फ्लेवर्ड चहाचा मात्र वास त्यातच जातो.

तुमच्या पेटीतले जे डबे नाक बंद केल्यावर नापास होतील, ते फेकायची गरज नाही. वास तीव्र पण पत्ती पोकळ असेल तर एक भाग तो आणि दोन भाग साधी, बिनवासाची ऑर्थोडॉक्स पत्ती असं मिसळून आठवडाभर घट्ट डब्यात ठेवा. वास दोन्हींत वाटला जातो आणि कपाला अंग येतं. काळ्या चहात निलगिरी डोंगरांतली पत्ती यासाठी चांगली, कारण तिचा स्वतःचा वास आडवा येत नाही; आसाम वर चढते. पत्ती बरी पण वास सहन न होणारा असेल तर डबा न मिसळता थंड पाण्यात मुरवा, लिटरला ८ ऐवजी ५ ग्रॅम, आणि गाळल्यावर त्यात लिंबाची पातळ चकती टाका.